नांदगाववाली

दोन हजार बावीस साल. मी सदुसष्ट वर्षांचा, आणि अकोल्यात ऑटो अजून स्वतःच चालवत होतो. मुलगा म्हणे, बाबा, आता बस करा. मी ऐकत नसे. मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर दोन बोटं टकटक वाजली की समजायचं, बाईला रस्त्यात कोणी म्हातारं माणूस दिसलं.

"थांबव भाऊ, थांबव. थे पाय, बुढी उभी हाय."

मी ब्रेक मारायचो. बाई मान बाहेर काढायची आणि त्या अनोळखी म्हातारीला विचारायची, "कोन्या गावच्या जी तुमी?"

आता तुम्हीच सांगा, भर रस्त्यात ऑटो थांबवून कोणी असं विचारलं तर माणूस काय करेल? कोणी घाबरायचं. एक आजोबा म्हणाले, "काहून? रेशन बंद करता काय?" एका म्हातारीनं गाव सांगितलं, मग सुनेची तक्रार सांगितली, मग गुडघ्याची, आणि शेवटी ऑटोत येऊन बसली. तिला फुकट घरी सोडावं लागलं.

मी म्हणायचो, "बाई, हा ऑटो हाय. जनगनना नाई."

"तुले काय जाते रे? मी बसलो तं सीट माही. तोंडबी माहंच."

आमच्याकडच्या बाया 'मी बसलो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याचे लोक ऐकून हसतात. हसोत.

आमच्या गल्लीत तिला सगळे नुसतं बाईच म्हणत. घर माझ्या घरासमोर. अंगानं काटक, नाकात मोरनी, नऊवारी लुगडं आणि त्याखाली कॅनव्हासचे बूट. ते बूट तिला कामावर मिळाले होते. तिनं सारी उमर रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरली, कलमं बांधली. काम सुटून वर्षं झाली, पण बूट सुटले नाहीत. लग्नाच्या पंगतीतही तेच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पुतण्या आणि त्याची बायको जवळ राहत; बाईची सून म्हणजे तीच. दोघं चांगली. पण दवाखाना, बाजार, बँक, सगळं माझ्या ऑटोतून. पुतण्याच्या मोटरसायकलवर ती बसत नसे. म्हणे, "त्यावर बोलता येत नाई."

ही बाई लोकांना गाव का विचारत होती, ते सांगतो.

तिनं आपली माय कधी पाहिली नव्हती. बापाचं गाव मूर्तिजापूरकडचं. तिथं ती सावत्र आईच्या हाताखाली वाढली. लहानपणी बापाला विचारलं, माय कुठी हाय? बाप म्हणाला, "गेली." एवढंच. बाप बोलणारा नव्हता, आणि पोरगी मोठी व्हायच्या आत तोही मेला. सावत्र आईला राग आला की ती तोच शब्द घ्यायची. "गेली तुले टाकून. तूबी तशीच जाशील."

आपल्या बोलीत हा शब्द असा आहे. माणूस मेलं तरी गेलं, आणि पळालं तरी गेलं. बापाच्या मनात कोणतं 'गेली' होतं ते विचारायचं राहून गेलं. सावत्र आईचं मात्र रोज ऐकू यायचं. तेच पोरीच्या डोक्यात बसलं. मायनं दुसरं घर केलं, आपल्याला टाकलं, आणि कुठंतरी दुसऱ्या लेकरांची माय होऊन म्हातारी झाली.

पित्तरात बाई बापाच्या नावानं ताट वाढायची, नवऱ्याच्या नावानं वाढायची. त्या सावत्र आईच्या नावानंही वाढायची. मायच्या नावानं नाही.

मी एकदा विचारलं. बाई भाजी निवडत होती. म्हणाली, "जित्ती असन तं जित्त्या मानसाचं पित्तर घालता येत नाई. आन मेली असन, तं टाकून जानारीले मी काहून घालू? आधी समजू तं दे, थे कोनती गेली."

मायचं नावही तिला ठाऊक नव्हतं. लग्नात सासरच्यांनी मायचं नाव बदलून लक्ष्मी ठेवलं होतं, पण लक्ष्मी काय घरोघरी. माहेरचं नाव कोणी सांगितलंच नाही. राहिलं होतं ते एवढंच, की गावातल्या जुन्या बाया तिला नांदगाववाली म्हणत. आमच्या वऱ्हाडात सुनेला कोणी नावानं हाक मारत नाही. ज्या गावची, त्या गावची वाली. माझ्या बायकोला माझ्या भावजया आजही तिच्या गावानंच ओळखतात. रेशनकार्डावरचं नाव त्यांना विचाराल तर एकमेकींची तोंडं पाहतील.

म्हणून बाई रस्त्यात गावं विचारायची. म्हणे, "माय आता जित्ती नसन, थे मले समजते. मी येडी नाई. पन नांदगावचं एखांदं मानूस भेटन. त्यानं तिले पायलं असन."

त्या वर्षी पुतण्याच्या पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी जुना कागद लागला. जुन्या काळी गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल सांगायचा आणि ते बुकात लिहिलं जायचं. त्याला कोतवाल बुक म्हणतात. ती बुकं आता तहसिलीत असतात. पुतण्यानं पणजोबाची नोंद काढून आणली आणि ओसरीवर सगळ्यांना दाखवली. बाईनं चष्मा लावला. तिला वाचता येत नव्हतं, तरी कागद चष्म्याशिवाय पाहत नसे.

"याच्यात मेलेल्यायचे नावं राह्यतात?"

"राह्यतात."

"बायाईचेबी?"

"बायाचेही राहतात, काकू," पुतण्या म्हणाला.

तिनं कागद त्याच्या हातात दिला आणि समोर माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, मले नांदगावले ने. बापाच्या गावात मेली असती तं गावानं सांगतलं असतं."

नांदगाव म्हणजे नांदगाव खंडेश्वर. मी म्हटलं तसं, पुतण्या म्हणाला तसं, आणि एसटीतला कंडक्टरही तेच म्हणाला. तालुक्याचं गाव आहे, तहसील आहे. माझी मावससासू तिथं दिली होती, त्यामुळे मला रस्ता पाठ. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट पक्की माहीत असली की तो ती सोडत नाही, आणि मी तर मुळीच सोडत नाही.

तहसिलीतला बाबू भला होता. त्यानं विचारलं, "कोणाच्या पडताळणीसाठी पाहिजे, आजी?"

"पडतायनी नाई. मायसाठी पाह्यजे."

"म्हणजे आईच्या जातीसाठी?"

"जात मले मालूम हाय. माय कवा गेली थे पाह्याचं हाय."

बाबूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, ती म्हनते तेच." त्यानं साल विचारलं. बाई म्हणाली, गावात स्वातंत्र्याचा झेंडा लागला तेव्हा बापानं तिला कडेवर नेलं होतं म्हणे. आधारकार्डावर एक जानेवारी. पण आमच्या वयाचे सगळेच एक जानेवारीला नाही तर एक जुलैला जन्मले आहेत. माझा एक जुलै, मास्तरानं लिहिलेला. तरी बाबूनं अंदाजानं बुकं काढली, अलीकडची-पलीकडची सालं पाहिली. बापाचं नाव, बापाचं गाव कुठंच जुळलं नाही. आम्ही पुन्हा एकदा गेलो. पुन्हा नाही.

परतीच्या एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून बसली. वाटेत कापसाच्या गाड्या, तुरीचं पिवळं रान. बडनेरा मागं पडल्यावर म्हणाली, "नाव नाई भेटलं. मंग थे मेलीच नाई तवा. माही सावत्र माय खरं बोलत होती."

"बुक फाटलं असन. वायवी लागली असन," मी म्हटलं.

"बुक चांगलं होतं. तूच तं पायलं."

त्यानंतर बाईचं खांद्यावर टकटक करणं बंद झालं. रस्त्यानं कोणी म्हातारी दिसली तर ती दुसरीकडे पाहायची. तुम्हाला वाटेल, माझा ऑटो आता सुखानं चालला असेल. मला ते सुख चार दिवसही सोसलं नाही. मी मुद्दाम म्हणायचो, "बाई, थे पाय, बुढी."

"राहू दे," ती म्हणे. "आपल्या घरी जाऊन राह्यली असन."

एक दिवस स्टँडवरून मी घराकडे निघालो होतो. बाई मागं बसलेली, सोबत डॉक्टरच्या गोळ्या. वाटेत एका म्हातारीनं हात केला. पांढरं पातळ, हातात बोचकं, लेकीकडे आलेली. मी तिला बाईच्या शेजारी बसवलं. बाई बाहेर पाहत बसली. म्हणून मीच विचारलं, "कोन्या गावच्या जी?" सवय मलाच लागली होती.

"नांदगावची."

"खंडेश्वरच्या?" मी म्हटलं.

म्हातारीला राग आला. "काहून? खंडेश्वरवालेच नांदगावचे राह्यतात काय? आमी पेठेच्या. अमरावतीच्या पुढं, नागपूर रोडले. आमच्या गावात कोनी पेठ-बीठ मनत नाई. नुसतं नांदगाव."

मी ऑटो बाजूला घेतला. मागं वळून पाहिलं तर बाईनं त्या म्हातारीचा हात धरला होता, आणि म्हातारी घाबरून बोचकं आवळत होती.

आता कोणी म्हणेल, तुला आधी समजायला पाहिजे होतं. का बरं? अकोल्यात उभं राहून कोणालाही नांदगाव विचारा. जो-तो खंडेश्वरचीच गाडी दाखवेल. हे मी पुतण्यालाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो.

पेठेचे जुने कागद अमरावतीच्या तहसिलीत. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. खिडकीवर या वेळी एक बाईमाणूस होती, तरुण. तिनं एकच प्रश्न विचारला आणि तो आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता.

"आजी, तुमचा जन्म आईच्या माहेरी झाला का?"

बाई म्हणाली, "मले काय मालूम?"

"पहिलटकरीण माहेरीच जाते ना. मग आधी तुमचा जन्म शोधू. आईचं नंतर पाहू."

तिनं बुक काढलं. कागद तपकिरी, कडा झडलेल्या. बोट खाली-खाली सरकवत गेली. मग थांबली. "बापाचं नाव सांगा पुन्हा. गाव सांगा." बाईनं सांगितलं. मूर्तिजापूरकडचं ते गाव त्या ओळीत लिहिलेलं होतं, बापाचं नाव लिहिलेलं होतं. लेकराच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलं होतं. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल सांगून गेला असेल.

"ह्या तुम्ही, आजी."

बाईनं काचेतून वाकून त्या शब्दाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय, बिननावाची हाय मी."

ती पोरगी मृत्यूचं बुक पाहायला लागली. आम्हाला बाकावर बसायला सांगितलं, पण बाई बसली नाही. मीही नाही. मला वाटत होतं, काही सापडू नये. उगीच. आणि वाटत होतं, सापडावं.

सापडलं. त्याच महिन्यात. पोरीनं हळू वाचलं. नाव वेणू. पुढं तिच्या बापाचं नाव, आणि नवऱ्याचं नाव नि गाव, तेच मूर्तिजापूरकडचं. वय एकोणीस. रोग, बाळंतज्वर.

बाई म्हणाली, "अजून येक डाव वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"मंग थे गेली नाई," बाई म्हणाली. "मेली."

आणि ती हसली. तुम्ही तिथं असता तर तुम्हाला ते विचित्र वाटलं असतं. आईचं मरण ऐकून कोणी हसतं का? मागं रांगेत उभे असलेले लोक पाहायला लागले. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीतल्या पोरीला म्हणाली, "सुखी राह्य, माय. तुयं नाव काय?" तिनं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, पण बाई शेवटपर्यंत तिला नावानं आठवत होती.

बाहेर येऊन बाई म्हणाली, "भूक लागली." आम्ही गिला वडा खाल्ला. अमरावतीला जाऊन गिला वडा न खाता कोणी येत नाही. तो दह्यातला वडा तिनं निम्मा खाल्ला आणि चमचा तसाच धरून बसली.

"भाऊ."

"काय?"

"एकोनीस वर्साची पोट्टी. आन मी तिले सारी उमर बुढी समजून राह्यलो. ज्या-त्या बुढीचं तोंड पाहून राह्यलो. माह्या पुतन्याच्या पोरीहून ल्हान हाय माही माय."

मी म्हटलं, "वडा खा. दही आंबट होऊन राह्यलं."

"तूबी येक येडाच हायेस," ती म्हणाली आणि खायला लागली.

दुपारी तिला नांदगाव पेठेला नेलं. हट्टच होता. वेणूच्या बापाचं घर कोणतं, ते सांगणारं कोणी भेटलं नाही. एकानं म्हटलं, त्या नावाचे लोक जुन्या काळी होते, शेत विकून कुठंतरी गेले. बाईनं जास्त विचारलं नाही. आम्ही हायवेवर बसची वाट पाहत उभे राहिलो. तिकडं कापडाचे कारखाने आहेत. पाळी सुटली होती. पोरींचा घोळका आला, गळ्यात ओळखपत्रं, तोंडाला ओढण्या, खिदळत, एकमेकींना ढकलत. बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग एकीला म्हणाली, "कोन्या गावची व?"

"इथलीच, आजी. नांदगावची."

"वय काय तुयं?"

"वीस लागलं. काहून, पोरगा हाय काय पाहन्यात?"

सगळ्या हसल्या. बाईही हसली. त्या पोरीच्या ओढणीचं टोक रस्त्याला लागत होतं, ते तिनं उचलून तिच्या हातात दिलं. "गाडीत अटकन. जपून जाजो."

त्या वर्षी पित्तरात बाईनं मायचं ताट वाढलं. नवरा असताना मेलेल्या बायकांची नवमी असते, त्या दिवशी. पण आदल्या दिवशीपासून तिला एकच घोर. मायला काय आवडत होतं, ते कोणाला विचारावं? वडे, खीर, कढी, भाजी, सगळं सुनेनं केलं. बाई माझ्या नातीला येऊन विचारते, "तू एकोनीस वर्साची. तुले काय आवडते?"

माझी नात कॉलेजात जाते. ती म्हणाली, "गुपचूप."

तुमच्याकडे पाणीपुरी म्हणतात, ते आमच्याकडे गुपचूप. बाईनं मला चौकात पाठवलं. पुतण्या म्हणत राहिला, काकू, असं कोणी करत नाही. बाई म्हणाली, "तुही माय म्हातारी होऊन मेली. माही पोट्टी होऊन मेली. पोट्टीले काय लागते थे पोट्टीले इचारलं." छतावर केळीच्या पानावर वडे आणि खिरीशेजारी चार गुपचूप मांडले गेले. कावळा आधी कशावर बसला, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही. सून म्हणते वड्यावर. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मी सांगतो, गुपचूपवर.

त्यानंतर बाई ऑटोत पुन्हा बोलकी झाली. म्हाताऱ्यांसाठी मात्र थांबवायची नाही. कॉलेज सुटलं की पोरी रस्त्यानं जायच्या, तेव्हा म्हणायची, "हळू घे भाऊ, पोट्ट्या जाऊन राह्यल्या." आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत मागच्या काचेतून पाहायची. एकदा म्हणाली, "वेनू अशीच चालत असन." ती मायला माय म्हणायची नाही आता. नावानं म्हणायची, लेकीला म्हणावं तसं.

दोन हिवाळ्यांनंतर बाई गेली. घरीच, दुपारी, ओसरीवर उन्हात बसल्या-बसल्या. सुनेला वाटलं डुलकी लागली. संध्याकाळी उन्हं असतानाच नेलं. खूप लोक आले होते. रोपवाटिकेतल्या जुन्या बाया आल्या, आणि रस्त्यात कधीतरी गाव विचारलेले दोन-तीन म्हातारेही आले. त्यांना कोणी सांगितलं, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर गेलो तेव्हा पुतण्या पाहुण्यांत अडकलेला होता. महापालिकेत मृत्यूची नोंद करायची होती. त्याच्या हातात छापील अर्ज होता, सगळा भरलेला. एक जागा रिकामी.

"काकाजी, इथं आईचं नाव मागतात. लक्ष्मी लिहू काय?"

मी अर्ज त्याच्याकडून घेतला. म्हटलं, "तू बस घरी. मी जातो."

ऑटो काढला. खिडकीवर रांग होती. माझा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसानं अर्ज वरून-खालून पाहिला. "काका, आईचं नाव राहिलं. माहीत नसेल तर निरंक टाका. जुन्या लोकांचं कोणालाच माहीत नसतं."

"माहीत हाय."

"सांगा, मी लिहितो."

"मी लिहतो."

त्यानं पेन दिला. मी चौथीनंतर सह्यांशिवाय फार काही लिहिलेलं नाही. आमच्या तोंडात ते वेनू, पण बुकात ण होता, तो मी त्या दिवशी काचेतून नीट पाहून ठेवला होता. वे काढला. मग थांबलो. ण कुठून सुरू करतात ते हाताला आठवेना.

मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं काय?"

"होऊन राह्यलं," मी म्हटलं, आणि ण काढला.